मंजूर भार वाढवायचाय : टन, एचपी, व्हीए सगळं किलोवॅटमध्ये कसं आणायचं?

मनीषनगर_वरचा_मजला

नमस्कार मंडळी. वरचा मजला बांधून झाला, आता विजेचा मंजूर भार वाढवायचा अर्ज करायचा आहे. अर्जात रकाना एकच, किलोवॅट. घरातल्या वस्तूंवर मात्र वाट्टेल ते लिहिलेलं. एसीवाला टन सांगतो, बोअरच्या मोटरवर एचपी, इन्व्हर्टरवर व्हीए, त्याच्या बॅटरीवर एएच (अँपिअर-तास) आणि सोलरवाला केडब्ल्यूपी म्हणतो.

घरात असं आहे : दीड टनाचे दोन एसी (नवीन), बोअरची दीड एचपी मोटर, २००० वॉटचा गिझर, दोन कूलर, फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर ७५० वॉट, इस्त्री १००० वॉट, सहा पंखे, दिवे, टीव्ही आणि १०५० व्हीएचा इन्व्हर्टर.

भाच्याने नेटवर बघून दिलं की १ टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, म्हणजे दोन एसींचेच १०.५५ किलोवॅट. ते ऐकून आमचे हे म्हणतात, एसी परत कर, वाळ्याचे कूलर काय वाईट होते! कोणी नीट सांगेल का?

हिंगणा_वायरमन

ताई, भाच्याचं गणित बरोबर हाये, पण तो आकडा गारव्याचा हाये, विजेचा नाही. दीड टन म्हंजे एसी खोलीतून किती उष्णता बाहेर फेकते ते. वीज किती खाते ते एसीच्या अंगावर बारीक अक्षरात वेगळं लिहून असते, 'रेटेड पॉवर इनपुट'. चांगल्या इन्व्हर्टर एसीले दीड टनाले दीड-पावणेदोन किलोवॅट. साहेबांना सांगा एसी परत करू नका, मे महिना येऊन राहिला.

वाळ्याचा_पडदा

पण १ टन = ३.५१७ किलोवॅट हे तर प्रत्येक पुस्तकात आहे. किलोवॅट म्हणजे किलोवॅट. विजेचा वेगळा आणि गारव्याचा वेगळा, असं कसं?

बजाजनगर_हॉस्टेल

काका, किलोवॅट दोन्हीकडे तोच, मोजलेली वस्तू वेगळी. टनाचा उगम बर्फात आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढा गारवा म्हणजे १ टन. पौंडाला १४४ बीटीयू (उष्णता मोजायचं ब्रिटिश एकक) लागतात. २००० गुणिले १४४ भागिले २४ = तासाला १२,००० बीटीयू. तेच ३.५१७ किलोवॅट.

कॉम्प्रेसर उष्णता तयार करत नाही, आतली उचलून बाहेर नेतो. म्हणून १ किलोवॅट वीज घालून ३ ते साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढता येते. यात कुठलाही नियम मोडत नाही. ५.२७ किलोवॅट गारवा भागिले १.५५ किलोवॅट वीज, म्हणजे ३.४. गिझरचं मात्र तसं नाही, तिथे २ किलोवॅट वीज म्हणजे २ किलोवॅटच उष्णता.

वाळ्याचा_पडदा

ठीक. तरी माझा कूलर २०० वॉटमध्ये हॉल गार करतो, हे लिहून ठेवा.

निवृत्त_टर्बाईन

करतो, कारण नागपूरची मेमधली हवा कोरडी असते. जूनच्या शेवटी तोच कूलर लावून बघा, गादीसुद्धा ओली लागते.

एसीबद्दल एक भर. एसीवर छापलेला आकडा बाहेर ३५ अंश तापमान धरून घेतलेल्या चाचणीचा असतो. आपल्याकडे ४५ असतं, गच्चीवरच्या बाहेरच्या युनिटच्या भोवती त्याहून जास्त. त्या वेळी गारवा छापल्यापेक्षा कमी मिळतो आणि वीज जास्त लागते. म्हणून नेमप्लेटवर 'कमाल इनपुट' दिला असेल तर नागपूरकराने तोच धरावा.

हिंगणा_वायरमन

हे सर बरोबर बोलले. तीच गोष्ट मोटरची, पण उलट्या बाजूनं. एचपी शाफ्टवरचा असते. म्हंजे मोटर बाहेर किती ताकद देते ते. आत वीज त्याहून जास्तच जाते, काहून की काही भाग गरम होण्यात अन् घासण्यात जाते. दीड एचपी म्हंजे १.१ किलोवॅट बाहेर. घरगुती सिंगल फेज मोटर ६५-७० टक्केच काम करते. १.१ भागिले ०.६७, म्हंजे साडेसोळाशे वॉट. जुनी, दोनदा रिवाइंडिंग झालेली असन तर अजून जास्त.

लोकं सरळ ७४६ नं गुणते अन् मोकळे होते. मग एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडते तर वायरमनले फोन.

धरमपेठ_सीए

७४६ का ७४५.७? आणि गाडीच्या माहितीपत्रकात पीएस लिहिलेला असतो तो कितीचा?

बजाजनगर_हॉस्टेल

तिन्ही खरे आहेत. जेम्स वॉटने घोड्याची ताकद मिनिटाला ३३,००० फूट-पौंड धरली, सेकंदाला ५५०. त्याचे ७४५.७ वॉट होतात. विजेच्या मोटरींसाठी ती ठोकळमानाने ७४६ धरतात. पीएस ही मेट्रिक अश्वशक्ती, ७५ किलो वजन सेकंदाला १ मीटर उचलणं, ती ७३५.५ वॉट. शंभर पीएसची गाडी म्हणजे ७३.५५ किलोवॅट.

हिंगणा_वायरमन

पाच एचपीच्या मोटरले ७४६ अन् ७३५.५ मध्ये फरक पन्नास वॉटचा. तेवढा तर एका पंख्याचाही नाही. त्यात नका अडकू बे, मोटरची कार्यक्षमता पाहा, तिथं हजार वॉटचा घोळ असते. अन् नवीन मोटरीवर किलोवॅटच छापून येते : ०.७५, १.१, १.५, २.२, ३.७, ५.५, ७.५. त्याच ओळीनं एक, दीड, दोन, तीन, पाच, साडेसात, दहा एचपी. हे किलोवॅटही शाफ्टवरचेच बरं का.

मनीषनगर_वरचा_मजला

म्हणजे एसीचा आकडा विजेपेक्षा मोठा दिसतो आणि मोटरचा लहान. मग इन्व्हर्टरचे १०५० व्हीए कुठल्या बाजूला टाकायचे?

बुटीबोरी_पॅनेल

ताई, इन्व्हर्टर बेरजेत धरायचाच नाही. तो वीज वापरत नाही, साठवून परत देतो. त्याच्यावर चालणारे पंखे-दिवे तुमच्या यादीत आधीच आहेत. फार तर बॅटरी चार्ज होतानाचे दोनशे-अडीचशे वॉट धरा.

व्हीएचं म्हणाल तर व्होल्ट गुणिले अँपिअर. सगळ्या अँपिअरचं कामात रूपांतर होत नाही. मोटरीसारख्या, चुंबकावर चालणाऱ्या वस्तू काही करंट नुसता आत-बाहेर खेळवतात. त्याने काम होत नाही, पण तार मात्र गरम होते. कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या पेट्या चढवताना जसं आहे तसंच. पैसे संत्र्याचे मिळतात, ट्रकचं भाडं पेटीसकट वजनावर लागतं. किलोवॅट हा निव्वळ माल आणि केव्हीए पेटीसकट. दोघांचं गुणोत्तर म्हणजे पॉवर फॅक्टर. १०५० व्हीएचा इन्व्हर्टर ०.८ ने धरला तर ८४० वॉट.

बजाजनगर_हॉस्टेल

थोडी दुरुस्ती : पेटीचं वजन सरळ मिळवता येतं, इथे येत नाही. नुसत्या आत-बाहेर खेळणाऱ्या भागाला केव्हीएआर म्हणतात. केव्हीएचा वर्ग = किलोवॅटचा वर्ग + केव्हीएआरचा वर्ग. काटकोन त्रिकोण. ८ किलोवॅट आणि ६ केव्हीएआर मिळून १० केव्हीए होतात, १४ नाही.

बुटीबोरी_पॅनेल

मान्य, व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजच्या आसपास राहणाऱ्यांपुढे बोलायची सोय नाही :)

आमच्या कारखान्यात हा त्रिकोण थेट खिशाला लागतो. राज्यात उच्चदाब ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे केव्हीए-तासांवर निघतं. आधी कपॅसिटर (तो नुसता खेळणारा करंट कमी करणारा) बिघडला तरी कोणी लवकर बघत नसे, आता पॅनेलमधला एक कपॅसिटर गेला की लेखाविभागातून फोन येतो. घरगुती मीटरला ही भानगड नाही, तिथे किलोवॅट-तासच मोजले जातात.

धरमपेठ_सीए

माझं बिल मागच्या मेमध्ये ५०० युनिटच्या वर होतं. मग माझा लोड ५०० किलोवॅट झाला का? हसू नका, ऑफिसमधल्या मुलाने खरंच असं विचारलं आहे.

हिंगणा_वायरमन

५०० किलोवॅटमध्ये तुमची अख्खी गल्ली चालन. युनिट म्हंजे १ किलोवॅट एक तास चालला ते. तुमचा गिझर अर्धा तास लावला, एक युनिट. ५०० युनिट भागिले महिन्याचे ७२० तास, म्हंजे सरासरी ७०० वॉट. पण दुपारी चार किलोवॅट असन अन् पहाटे दोनशे वॉट. मंजूर भार त्या चारले पाहून मागायचा असते, सरासरीले पाहून नाही.

निवृत्त_टर्बाईन

आमच्याकडे वीज केंद्रात हाच हिशोब मोठ्या आकड्यांत चालायचा. कोराडीचा नवा संच ६६० मेगावॉटचा, असे तीन. एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला की ६ लाख ६० हजार युनिट. एचपीमध्ये सांगायचं तर एकेक संच ८ लाख ८५ हजार एचपीचा. हा आकडा मी पाहुण्यांना मुद्दाम सांगायचो, कारण मेगावॉट ऐकून कोणाच्या चेहऱ्यावर काही हलत नाही.

जनरेटरच्या पाटीवर मात्र मेगावॉटबरोबर एमव्हीएही असतो. ०.८५ पॉवर फॅक्टरने ६६० मेगावॉट म्हणजे ७७६ एमव्हीए. टर्बाईनला मेगावॉटची मर्यादा, कारण वाफेतून तेवढीच ताकद येते. जनरेटरच्या तांब्याला एमव्हीएची, कारण तांबं करंटने तापतं, त्या करंटने काम केलं की नाही याच्याशी त्याला घेणं नाही. घरच्या स्टॅबिलायझरवर आणि रोहित्रावर केव्हीए का लिहितात याचं उत्तरही हेच.

आणखी एक एकक तिथे रोज तोंडी असायचं, किलोकॅलरी. १ युनिट = ८६० किलोकॅलरी. पण एक युनिट बनवायला बॉयलरमध्ये सव्वादोन हजारांच्या आसपास किलोकॅलरी जाळाव्या लागतात. ८६० भागिले २२५० केलं तर ३८ टक्के, सुपरक्रिटिकल (फार जास्त दाबाच्या वाफेवर चालणाऱ्या) संचाची कार्यक्षमता साधारण एवढीच. बाकी उष्णता चिमणीतून आणि कूलिंग टॉवरमधून हवेत. कोळसा किलोला साडेतीन हजार किलोकॅलरीचा धरला तर तुमच्या एका युनिटमागे ६४० ग्रॅम कोळसा. कामठी रोडवरून दिसणारा तो पांढरा धूर धूर नसून वाफ आहे, हे सांगून सांगून मी थकलो.

टॉवरवाला

आमच्या मोबाइल टॉवरच्या धंद्यात तर किलोवॅटच नाही, सिग्नलची ताकद डीबीएममध्ये. ० डीबीएम = १ मिलिवॉट, ३० डीबीएम = १ वॉट, ३ वाढले की दुप्पट. घरचा वायफाय राउटर २० डीबीएम, म्हणजे १०० मिलिवॉट. मोबाइलला उणे ९० डीबीएम आले तरी बोलणं होतं, म्हणजे मिलिवॉटचा अब्जावा भाग. ताईंच्या अर्जाशी याचा संबंध शून्य, धागा दिसला म्हणून टाकलं.

गच्चीवर_पॅनेल

सोलरचं राहिलं. केडब्ल्यूपीमधला पी म्हणजे पीक. चौरस मीटरवर १००० वॉट ऊन आणि पॅनेलचा सेल २५ अंशावर, अशा प्रयोगशाळेतल्या स्थितीत पॅनेल जेवढं देईल ते. मेमध्ये नागपूरच्या गच्चीवर सेल २५ अंशावर कधी असतो? दुपारी ६५ तरी. प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के घट, ४० अंशांचे १४ टक्के गेले. ३ केडब्ल्यूपीचे उरले २.५८. त्यात धूळ, तारा, इन्व्हर्टरचा तोटा. दुपारी बाराला ॲपवर २.३-२.४ दिसले तर बसवणाऱ्याशी भांडू नका.

लोकांना वाटतं आपलं ऊन कडक म्हणून मेमध्ये सगळ्यात जास्त वीज. दिवस मोठा असतो म्हणून युनिट बरे येतात, पण दुपारच्या शिखराचा आकडा मला फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त चांगला दिसतो. पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो.

वर्षाची सरासरी १ किलोवॅटला दिवसाला ४ युनिट धरा, पावसाळ्यात त्याहून बरंच कमी. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान, तिसऱ्याला १८,०००, पुढे वाढ नाही, एकूण ७८,०००. म्हणून सगळीकडे ३ किलोवॅटच बसताना दिसतात.

मनीषनगर_वरचा_मजला

मग हे ३ किलोवॅट माझ्या भारातून वजा करायचे का?

गच्चीवर_पॅनेल

अजिबात नाही. रात्री दोन्ही एसी चालू असताना पॅनेल झोपलेलं असतं. भार रात्रीचा धरूनच मागा.

हिंगणा_वायरमन

घ्या ताई, तुमची बेरीज करून देतो. एसी दोन, १.६ प्रमाणे ३.२. मोटर १.६५. गिझर २. कूलर दोन मिळून ०.४. फ्रिज ०.२, वॉशिंग मशीन ०.५, मिक्सर ०.७५, इस्त्री १. पंखे सहा, ७५ चे, ०.४५. दिवे ०.२, टीव्ही ०.१. झाले १०.४५ किलोवॅट. भाच्यानं नुसत्या एसीचे जेवढे काढले होते, तेवढ्यात अख्खं घर बसलं.

पण हा जोडलेला भार. सगळं एका वेळी कोणी लावत नाही. मेमध्ये गिझर बंद, डिसेंबरमध्ये एसी बंद, एसी लावला त्या खोलीत कूलर बंद. उन्हाळ्यात मोटर, इस्त्री अन् दोन एसी एकत्र आले तर सात-साडेसात. अर्जात कोणता आकडा मागतात ते काउंटरवर आधी विचारून घ्या, जोडलेला का कमाल मागणीचा. वायरिंग अन् मेन स्विच मात्र मोठ्या आकड्याले धरून टाका. एवढ्या भाराले थ्री फेज घेतली तर दोन एसी वेगवेगळ्या फेजवर टाकता येते.

वाळ्याचा_पडदा

बेरीज कागदावर ठीक. प्रत्यक्ष किती ओढलं जातं ते टाँग टेस्टर (तारेला लावून करंट मोजायचा चिमटा) नसताना कसं बघायचं?

हिंगणा_वायरमन

मीटरवरचा लाल दिवा लुकलुकते ना, तो मोजा. मीटरवर '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' असं काही लिहून असते, म्हंजे एका युनिटले ३२०० वेळा लुकलुक. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, दहा लुकलुकीले किती सेकंद लागले पाहा. ३६०० गुणिले १०, भागिले ३२००, भागिले सेकंद. साडेसात सेकंद लागले तर दीड किलोवॅट. बाकी सगळं बंद करून नुसता एसी चालू ठेवला तर एसीचा खरा आकडा घरबसल्या भेटते, दुकानदाराले विचारायचं कामच नाही. फक्त इन्व्हर्टर एसी थोडा वेळ चालून खोली गार झाल्यावर कमी ओढते, म्हणून चालू केल्या केल्याही मोजा अन् अर्ध्या तासानंही.

मनीषनगर_वरचा_मजला

आत्ताच मोजून आले. जुन्या बोअरच्या मोटरला दहा लुकलुकींना ५.४ सेकंद. २.०८ किलोवॅट आले. दीड एचपीचे!

हिंगणा_वायरमन

त्यात फ्रिज-पंखे चालू असन तर ते वजा करा. तरी अठराशेच्या वर राहिले तर मोटर उतरायला आली. मिस्त्रीले दाखवा, एखाद्या वेळी कंडेन्सरच कमजोर असते, स्वस्तात सुटन.

काटोलची_संत्री

घरचं झालं, आता वावरातलं सांगा. सोलर पंपाच्या योजनेत अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी अन् त्याच्या वर साडेसात. आमचं वावर सहा एकर. बाबा म्हणते साडेसातच घे, जास्त पाणी येईन. मी म्हणतो बोअरात पाणीच तेवढं नाही.

बजाजनगर_हॉस्टेल

दादा, किती खोलीवरून उचलायचं आहे? ६० मीटर धरू. ५ एचपी म्हणजे ३७३० वॉट शाफ्टवर, पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर पाण्याला मिळाले २०५० वॉट. भागिले ९.८१, भागिले ६०. सेकंदाला साडेतीन लिटर, तासाला साडेबारा हजार. तुमचा बोअर तासाला एवढं देत असेल तर ५ एचपी चालेल. त्याहून कमी देत असेल तर साडेसात एचपी बोअर लवकर उपसेल आणि पंप कोरडा पडेल.

गच्चीवर_पॅनेल

आणि सोलर पंपात एका एचपीला ९०० ते १००० वॉटचं पॅनेल येतं. सकाळ-संध्याकाळ पंप पूर्ण ताकदीने फिरत नाही, म्हणून तो तासाचा आकडा दिवसभराला गुणू नका. चांगल्या उन्हाच्या पाच-सहा तासांनी गुणा.

काटोलची_संत्री

बाबांले दाखवतो. दुसरं, ग्रेडिंगच्या शेडमध्ये साडेसात एचपीची मोटर हाये अन् लाइन जाते तेव्हा एकाच डीजीवर (डिझेल जनरेटरवर) ती अन् वावरातली जुनी साडेसातची सबमर्सिबलही चालवायची, एका वेळी एकच. शेजारी म्हणते साडेसात एचपी म्हंजे साडेपाच किलोवॅट, साडेसात केव्हीए पुरे. दुकानदार १५ केव्हीए विकून राहिला. लुटून राहिला काय तो?

बुटीबोरी_पॅनेल

नाही भाऊ, दुकानदार बरोबर आहे. ५.५ किलोवॅट शाफ्टवर, कार्यक्षमता ८६ टक्के, पॉवर फॅक्टर ०.८३, म्हणजे नुसतं चालायलाच ७.७ केव्हीए. ४१५ व्होल्टवर पावणेअकरा अँपिअर. साडेसात केव्हीएचा डीजी इथेच संपला. आणि सुरू होताना डीओएल (मोटर थेट लाइनवर टाकणाऱ्या) स्टार्टरवर मोटर सहापट करंट ओढते, काही सेकंद ४६ केव्हीए. डीजी घुसमटतो, व्होल्टेज बसतं, मोटर फिरतच नाही. स्टार-डेल्टाने (मोटरची जोडणी बदलून दोन टप्प्यांत सुरू करणारा स्टार्टर) तो झटका एक तृतीयांश होतो, १५-१६ केव्हीए. म्हणून १५ चा डीजी आणि स्टार-डेल्टा, हे दोन्ही मिळून घ्या. नुसता डीजी घेऊन डीओएल ठेवाल तर पैसे वाया.

काटोलची_संत्री

शेडमधलीले सहा वायरी हाये, तिचं जमन. पण बोअरातल्या सबमर्सिबलच्या तीनच वायरी वर आलेल्या.

हिंगणा_वायरमन

तीन वायरी असन तर तिले स्टार-डेल्टा लावताच येत नाही, जोडणी आतच झालेली असते. तिच्यासाठी सॉफ्ट स्टार्टर नाही तर व्हीएफडी पाहावा लागन, दोन्ही मोटर हळूहळू सुरू करते. दोन्हींचा भाव काढा अन् तिची केबल किती मीटर अन् किती एमएमची हाये ते इथं लिहा. लांब केबल बारीक असन तर व्होल्टेज तिथंच पडते, मग डीजी कितीचाही घ्या.